क्रेम्बोचा हंगाम

मिलकामावशीला बसलेली मी फक्त एकदा पाहिली. एरवी ती उभी असायची, नाहीतर चालत असायची, नाहीतर निघायच्या बेतात असायची. आपण तिच्याकडे गेलो तरी ती दाराशी अशी उभी, की वाटावं पाहुणी तीच आहे आणि आता पायात चपला सरकवणार. "बस की गं मावशी जरा," म्हटलं की म्हणायची, "बसलं की आठवायला लागतं." आणि ओटा पुसायला घ्यायची. ओटा आधीच लखलखीत असायचा.

आमची ओळख झाली अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत, आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या लाँड्री रूममध्ये. मी नुकतीच पुण्याहून आले होते. माझा नवरा समीर सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आणि मी त्याच्या व्हिसावर, म्हणजे इंजिनिअर असून नोकरी करायची परवानगी नसलेली. खिडकीतून बर्फ बघायचा आणि कपडे धुवायला तळघरात उतरायचं, एवढीच माझी करमणूक. एका सकाळी खाली गेले, तर डोक्याला रुमाल बांधलेली एक सावळी, शिडशिडीत बाई ड्रायरला दम देत होती.

"फिर की मेल्या! नाणी गिळलीस ना माझी?"

माझ्या हातातली बादली पडायची राहिली. "तुम्ही मराठी?"

"मग काय ह्याच्याशी इंग्रजी बोलू?" तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठची गं तू?"

"पुण्याची."

"असू दे," ती म्हणाली, आणि माझे कपडे मला न विचारता मशिनीत टाकायला लागली.

मिलका चेऊलकर हे तिचं नाव. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. "अलिबागच्या बाजूला आमचे तेलाचे घाणे. शनिवारी काम बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे," हे ती मोठ्या ऐटीत सांगायची. विशीत लग्न होऊन नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली, दिमोना नावाच्या वाळवंटातल्या गावी. तिथे दोन मुलं झाली. नवरा गेल्यावर अमेरिकेतल्या मुलाकडे, डॅनियलकडे, आली. मुलगी रूथ तिकडेच राहिली, आणि रूथचा मुलगा नदावही. ह्या नदावला मावशीनंच वाढवला होता. तिच्या पलंगाखाली एक बॅग कायम अर्धी भरलेली असायची. का, म्हणून मी एकदा विचारलं. "पूर्ण भरली तर जावं लागेल, रिकामी केली तर राहावं लागेल," ती म्हणाली आणि पलंगाची चादर ओढून बॅग झाकून टाकली.

थंडी पडली की मावशीच्या स्वयंपाकघरात क्रेम्बो सुरू व्हायचा. खाली गोल बिस्किट, त्यावर पांढऱ्या फेसाचा उंच गोळा, त्यावर चॉकलेटचं पातळ कवच आणि सगळ्यावर चांदीच्या कागदाची गुंडाळी. चावलं की कवच कुडकन फुटतं आणि नाकाला फेस लागतो. इस्राएलमध्ये तो फक्त हिवाळ्यात मिळतो, कारण उन्हात चॉकलेट टिकत नाही. "तिकडची पोरं उन्हाळ्यात आइस्क्रीम खातात आणि थंडीत ह्याची वाट बघतात," मावशी सांगायची. ती तो घरीच करायची. अंड्यातलं पांढरं घुसळायचं आणि त्यात कढत पाक धारेनं सोडायचा. पाक झाला की नाही हे बघायला तिनं कधी थर्मामीटर वापरला नाही. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून गोळीबंद झाला का बघायची, आपल्याकडे लाडवांना बघतात तसं.

हा पदार्थ मूळचा कुठला, यावर समीरच्या ऑफिसात एकदा चांगलंच जुंपलं होतं. मावशीनं दिलेला डबा तो घेऊन गेला होता. तिथला एक डॅनिश सहकारी म्हणाला, हा आमचा, आमच्याकडे वाढदिवसाला वाटतात. जर्मन बाई म्हणाली, छे, आमच्या जत्रांमध्ये असतो. आणि एका अमेरिकन माणसानं तर दुपारी दुकानात जाऊन इथला डबा आणून टेबलावर ठेवला, कारण इथेही अशी एक मार्शमेलोची बिस्किटं थंडीपुरती येतात आणि उन्हाळा आला की दिसेनाशी होतात. समीरनं तो डबा मावशीला आणून दाखवला. तिनं एक बिस्किट तळहातावर घेऊन सगळीकडून पाहिलं.

"बसका आहे," ती म्हणाली. "झोपलाय मेला." मग डब्यावरची बारीक अक्षरं वाचून तो तिनं परत केला. "जिलेटिन आहे ह्यात, जनावराच्या हाडा-कातड्याचं. मला नाही चालत."

"पण मावशी, मूळ कुणाचा मग?" समीरनं विचारलं.

"युरोपातला. तिथून जीव घेऊन पळाले ना आमचे लोक, त्यांना पेटीतून काय आणता आलं असतं? चव तेवढी तोंडात घेऊन आले. मी गेले अलिबागहून, मला त्यांनी दिला. आता मी तुला देते. तुझ्या ऑफिसातल्यांना सांग, भांडू नका, डबा धुऊन परत द्या."

मावशी इस्राएलला गेली तेव्हा ह्या मिठाईचं तिकडचं नाव निराळं होतं. काळ्या माणसाला हिणवायला वापरतात तसला तो शब्द होता. नवीन नवीन असताना बसस्टॉपवर एका पोरानं मावशीकडे बोट दाखवून त्याच शब्दानं हाक मारली. त्याच्या हातात तो गोळा होता. मावशीनं मोडक्या हिब्रूत त्याला विचारलं, "तुला आवडतो ना हा?" पोरानं मान डोलावली. "मग गप खा," ती म्हणाली. हे ती हसत सांगायची. पण तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी तिकडच्या धर्मगुरूंनी विचारलं होतं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? ते सांगताना मात्र ती हसली नाही. माझा संताप झाला. मी काही बोलणार, तोवर ती ओव्हन बघायला गेली होती आणि ओव्हन तर चालूही नव्हता.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला ती तिळगुळाबरोबर क्रेम्बोचं ताट घेऊन आली. कुलकर्णीकाकूंनी लांबूनच विचारलं, "मार्शमेलो म्हणजे जिलेटिन असणार. आम्ही शुद्ध शाकाहारी हो."

"माझ्यात नाही जिलेटिन. मलाच चालत नाही," मावशी म्हणाली. "अंडं आहे फक्त."

काकूंनी क्षणभर विचार केला. "अंडं चालतं. केकमध्ये असतं ते."

मग काकूंनी तो चमच्यानं खाल्ला. मावशी लांब उभी राहून बघत होती. कोण क्रेम्बो कसा खातं यावरून ती माणसं ओळखायची. "हिचं घर फार स्वच्छ असणार," ती माझ्या कानात म्हणाली. "आपल्याला नाही बोलवायची ही." समीर बिस्किटापासून सुरुवात करायचा, तर त्याच्याबद्दल म्हणे, "हा आधी घर घेईल, मग विचार करील." त्यानं पुढे अगदी तेच केलं आणि त्याचे हप्ते आम्ही अजून फेडतोय. मी मधोमध चावा घेऊन नाकभर फेस लावून घ्यायचे. "तुला घाई फार. माझ्यासारखी," ती म्हणायची. मला ते लागायचं, कारण खरं होतं.

स्वतः मात्र ती अख्खा क्रेम्बो कधी खायची नाही. कुणी उरवलेलं खालचं बिस्किट तेवढं उभ्या उभ्या तोंडात टाकायची. ही सवय नदावनं लावलेली. तो लहानपणी चांदीचा कागद हलक्या हातानं सोडवायचा, गुडघ्यावर ठेवून नखानं त्याच्या सुरकुत्या मोडायचा, मग वरून खायला लागायचा आणि बिस्किट आजीपुढे धरायचा. "सांगावं लागलं नाही हो कधी. दीड-दोन वर्षांचा असल्यापासून," हे सांगताना तिचे हात तेवढ्यापुरते रिकामे आणि शांत असायचे.

आता शनिवारचं सांगायला हवं. शनिवार मावशीला खायला उठायचा. ती शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, काटेकोर पाळायची. चूल नाही, गाडी नाही, दिव्याचं बटण नाही, फोन नाही. डॅनियल आणि त्याची बायको यातलं काही पाळत नसत. ते बाहेर जायचे आणि ही सगळ्या घरात फेऱ्या मारायची. मग मी तिच्याबरोबर चालायला जायला लागले, बर्फ असला तरी. शब्बाथला दुसऱ्या कुणाला 'माझं अमुक काम कर' असं सांगायचंही नसतं. मात्र समोरच्याला आपणहून कळलं आणि त्यानं केलं, तर हरकत नाही. हे मला माहीत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात ती दार वाजवून म्हणाली, "आमच्याकडे झोपायच्या खोलीत फार उजेड आहे गं बाय." मी म्हटलं, "हो ना, काय छान ऊन पडलंय आज." ती 'बरं' म्हणून गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. शेवटी समीरच्या डोक्यात प्रकाश पडला, की ती दिवा बंद करायला बोलावते आहे. त्यानंतर मी तिचा शनिवारचा आवाज ओळखायला शिकले. ती आपल्याकडे न बघता, भलतीकडे तोंड करून, हवापाण्यावर काहीतरी बोलायची. मग आपण इकडेतिकडे बघून काय करायचं राहिलंय ते शोधायचं.

नदाव सैन्यात गेला, कारण तिकडे सगळ्यांनाच जावं लागतं. आणि २००६ च्या उन्हाळ्यात उत्तरेच्या सीमेवर लढाई पेटली. त्याची तुकडी तिथेच होती. मावशीचं चालणं वाढलं. ती पहाटे कॉम्प्लेक्सला फेऱ्या घालायची, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. टीव्ही लावायची आणि बातम्या सुरू झाल्या की बाहेर निघून जायची. रूथचा फोन यायचा, तिलाही काही कळत नसायचं. अशातच ऐन जुलैत मावशीनं क्रेम्बो करायला घेतला.

"मावशी, आत्ता? सीझन नाही ना," मी म्हटलं.

"तो फोनवर म्हणाला, आजी, परत आलो की पहिला तोच खाईन. मग नको करून ठेवायला?"

एसी पूर्ण सोडला, आमचा फ्रीजर रिकामा करून घेतला, तरी फेस खाली बसला आणि चॉकलेट ताटभर ओघळलं. तिनं ते सगळं मुकाट्यानं खरवडून टाकलं. मग ओट्याला टेकून म्हणाली, "एलियाहू हन्नाबीला बोलले आहे मी." एलियाहू पैगंबर हा बेने इस्राएलांचा नवसाला पावणारा. त्याच्यासाठी गोड पोहे, खोबरं आणि फळं यांचा मलिदा करतात. "नदाव परत आला की मलिदा करीन. आणि त्यानं आपल्या हातानं बिस्किट दिल्याशिवाय मी क्रेम्बोचा कण तोंडात घेणार नाही. मागून घेतलेलं नाही चालायचं. त्यानं आपणहून द्यायला हवं."

त्यानंतर बरेच दिवस नदावचा काही पत्ता नव्हता. आणि एका शनिवारी, आम्ही दोघी फिरून तिच्या घरी आलो, डॅनियल मुलांना घेऊन बाहेर गेला होता, तेव्हा फोन वाजला. मावशी जागच्या जागी थिजली. शनिवारी तिला कुणी फोन करत नाही, हे तिकडच्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे केला असेल, तर बातमी थांबण्यासारखी नव्हती. फोन थांबला. पुन्हा वाजायला लागला. ती माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत म्हणाली, "केवढा आवाज आहे ह्या फोनचा."

मी धावत जाऊन उचलला. पलीकडे कुणीतरी हिब्रूत काहीतरी म्हणालं, मग, "आजी?"

"आजी इथेच आहे. आज शनिवार आहे," मी म्हटलं, आणि मग तेच इंग्रजीतून सांगितलं.

तो हसला. हसू कोरडं होतं. "ओ नो, शब्बात. आय फर्गॉट व्हॉट डे इट इज. टेल हर आय ॲम ओके. टेल हर आय ॲम हंग्री."

मी मोठ्यानं ओरडले, "मावशी, नदाव! बरा आहे, भूक लागल्येय म्हणतो!" आणि रिसीव्हर हवेत तिच्या दिशेनं धरला. ती पुढे आली नाही. खिडकीशी उभी राहून, खिडकीलाच, ठणठणीत आवाजात विचारायला लागली, "जेवलास का रे? पायाबियाला लागलं नाही ना? आईला फोन केलास का?" खिडकीशी बोलायला शनिवारची बंदी नव्हती. तिकडून तो एकेका प्रश्नाला "हो आजी" म्हणत होता आणि मी मध्ये रिसीव्हर धरून ढसाढसा रडत होते.

मला वाटलं, संपलं एकदाचं. आता मलिदा. पण मावशीनं पोहे आणले नाहीत. लढाई थांबली, पुढच्या वर्षी नदावची सैन्यातली मुदतही संपली, तरी नाही. त्याच्या शेजारी असलेला मित्र त्या लढाईत गेला होता. नदाव घरी आला आणि खोलीत बसून राहिला. फोनवर हो-नाहीपलीकडे बोलेना. "तो आलाय," मावशी म्हणायची, "पण परत नाही आला अजून." त्या वर्षी मंडळाच्या संक्रांतीला तिनं क्रेम्बो नेहमीसारखा केला आणि सगळ्यांना वाटला. कुलकर्णीकाकूंनी आपलं बिस्किट मोठ्या प्रेमानं तिच्यापुढे केलं, तर तिनं हात मागे घेतले आणि काकूंना ते बरेच दिवस टोचत राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात रूथनं नदावला आजीकडे पाठवला. डॅनियल कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून मावशीला बॉस्टनच्या विमानतळावर मी घेऊन गेले. तोवर मी गाडी चालवायला लागले होते, पण बर्फात अजून भीती वाटायची, आणि मावशी शेजारी बसून सबंध रस्ताभर सीटबेल्टशी झटापट करत होती. गाडीतलं बसणं मी बसण्यात धरत नाही. घरी पोहे निवडून ठेवले होते, नारळ फोडायचा बाकी होता. तिच्या कोटाच्या खिशात स्टीलचा एक छोटा डबा होता आणि त्यात एकच क्रेम्बो.

विमान उशिरा आलं. ती बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी तो आला. उंच, खूप वाळलेला, पाठीवर एक सॅक. मावशीनं त्याला मिठी मारायच्या आधी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग त्याला बाकावर बसवलं, स्वतः समोर उभी राहिली आणि डबा पुढे केला.

"हिअर? नाऊ?"

"इथेच. खा."

त्यानं चांदीचा कागद हळूहळू सोडवला, गुडघ्यावर ठेवला आणि नखानं त्याच्या सुरकुत्या मोडायला लागला. मी मावशीकडे बघायचं टाळलं. तो वरून खात खात खाली आला, आणि तेवढ्यात मागे कुणाची तरी मोठी बॅग धाडकन पडली. नदाव एवढा दचकला, की अर्धा उभा राहिला. मग सावरून बसला, पण नजर त्या आवाजाकडेच राहिली. बिस्किट हातात तसंच होतं. तो ते विसरून गेला होता.

मावशी थांबली. मग आमच्या दोघांकडेही न बघता, काचेच्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "काय गारठा आहे, नाही?"

"हो ना," मी म्हटलं.

"सकाळपासून पोटात काही नाही गं बाय माझ्या."

तो आवाज मी ओळखत होते. दिवस शनिवार नव्हता, पण आवाज शनिवारचा होता. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. ह्या वेळी फोन उचलायचं काम माझं नव्हतं.

नदावनं सावकाश मान वळवली. हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं, मग तिच्या पाठीकडे.

"आजी," तो मराठीत म्हणाला, "हे तुझं."

मावशी वळली. त्यानं हात पुढे केला. तिनं बिस्किट घेतलं, त्याच्या शेजारची जागा दुसऱ्या हातानं झटकली आणि बसली. अगदी मागे टेकून बसली. बाहेर गाडी पार्किंगमध्ये होती, घरी नारळ फोडायचा होता, पण बिस्किट संपल्यावरही ती उठली नाही.